आरेखन : साग

आमच्या कॉलनीत कुणाचंही लग्न ठरलं की मुलीकडचे लोक पत्रिका छापायच्या आधी जेजुरकर अण्णांकडे जात. जाताना एक पांढरं कापड बरोबर नेत. अण्णा ते जमिनीवर ताणून चारी कोपऱ्यांना चार वजनं ठेवत, कंपॉसपेटी उघडत आणि कापडाच्या बरोबर मध्यावर कुंकवाने स्वस्तिक काढत. आडवी-उभी रेघ काटकोनातच हवी, म्हणून गुण्या लावत. नवरा-नवरीमध्ये धरायचा अंतरपाट तो, दोन मिनिटांचं त्याचं काम. लोक त्यावर हाताने काहीतरी फराटे मारतात आणि खपूनही जातं. पण आमच्या कॉलनीतल्या अंतरपाटांची मापं घेतली असती तर सगळी स्वस्तिकं मिलिमीटरसकट सारखी निघाली असती.

अण्णा, म्हणजे भास्कर जेजुरकर, ओझरच्या विमानांच्या कारखान्यात ट्रेसर होते. मी त्याच ड्रॉइंग ऑफिसात प्रिंट काढायचो. त्या काळी नकाशे हाताने पारदर्शक कागदावर उतरवायचे आणि मग ते माझ्या अमोनियाच्या यंत्रातून जायचे. त्या वासाने माझं नाक कायमचं गेलं. अण्णा माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. आम्ही दोघंही पंचवटीपलीकडे मखमलाबाद रस्त्याला राहायचो आणि कंपनीच्या एकाच बसने जायचो. बसमध्ये सगळे पेंगत. अण्णा मात्र खिडकीपाशी ताठ बसून बाहेर बघत असत. रोज तोच रस्ता, रोज तेच द्राक्षांचे मांडव. एकदा मी विचारलं, "अण्णा, एवढं काय दिसतं?" तर म्हणाले, "कालच्यापेक्षा काय वेगळं आहे ते शोधतो. सापडलं की मग झोपतो." ओझर येईपर्यंत त्यांना कधी झोपलेलं पाहिल्याचं मला आठवत नाही.

रेघ हा त्यांचा धर्म होता. तेवीस वर्षांत त्यांची एकही ट्रेसिंग तपासनीसाकडून परत आली नव्हती, आणि हे ते स्वतः कधी सांगत नसत, कारण बाकीचे सगळे सांगत. आमच्याकडे कॉम्प्युटर येणार, येणार असं चाललं होतं, तेव्हा लोक घाबरले होते. अण्णा म्हणाले, "येऊ दे. त्याच्या रेघेत आणि माझ्या रेघेत फरक दाखवून दे, मी घरी जातो."

कॉम्प्युटर आलाच, पण त्याआधी दुसरंच झालं.

एका दुपारी त्यांची एक ट्रेसिंग माझ्या यंत्रावर आली. पंखाच्या आतल्या फासळीचा नकाशा होता. मी तो काचेवर पसरला आणि मला एक लांब रेघ मध्येच हललेली दिसली. फार नाही, केसाएवढी. मी दुसरीकडे पाहिलं, तिथेही तसंच. अण्णांची रेघ हललीय हे माझ्या डोक्यात शिरेना. मी प्रिंट काढली आणि गप्प बसलो. त्या आठवड्यात अशा तीन गेल्या, तिन्ही वेळा मी गप्प बसलो. चौथी तपासनीसाने परत पाठवली.

त्या दिवशी बसमधून उतरल्यावर अण्णांनी मला थांबवलं. "तू आधी पाहिलं होतंस?"

मी मान हलवली.

"आणि बोलला नाहीस."

"तुम्हाला कसं सांगणार, अण्णा?"

"तोंडाने!" ते भर रस्त्यात ओरडले. "माझी लाज राखायला गेलास? प्रिंट काढणारा आंधळा असला की विमान पडतं, शिरसाठ!" एवढं बोलून ते चालायला लागले. मी तिथेच उभा. मला तेव्हा त्यांचा राग आला होता, हे कबूल करतो. चांगलं वागायला जावं आणि वर शिव्या खाव्यात! राग ओसरायला महिना लागला आणि ते बरोबर होते हे कळायला दोन-चार वर्षं.

डॉक्टरांनी कंपवाताचं नाव काढलं. अण्णांना रेकॉर्ड रूममध्ये बदली मिळाली, जिथे जुन्या नकाशांवर नंबर घालायचे असतात. कॅन्टीनमध्ये ते अर्धाच कप चहा घ्यायला लागले, म्हणजे बशीत सांडत नाही. कॉलनीतली कापडं यायची थांबली. थांबली म्हणजे लोकांनीच शहाणपणाने थांबवली. बाजारातून जरीकाठाचे तयार अंतरपाट आणायला लागले. अण्णांची मुलगी सुनी तेव्हा दहावीत होती. ती लहान असताना प्रत्येक स्वस्तिकाच्या वेळी शेजारी बसून विचारायची, "माझ्या वेळी असंच काढाल ना?" आणि अण्णा म्हणायचे, "तुझं सगळ्यांत भारी काढीन." आता ती विचारत नव्हती. ते न विचारणंच अण्णांना जास्त लागलं असावं, असं अण्णांच्या पत्नी, मंदावहिनी, एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या.

पानांचं वेड लागलं ते एका शर्टामुळे. श्रावणात वहिनींनी पांढरा शर्ट गच्चीतल्या तारेवर वाळत घातला होता. तार गंजकी. रात्रीतून शेजारच्या बदामाचं एक पान उडून शर्टावर चिकटलं आणि दोन दिवस पावसात तसंच राहिलं. पान काढलं तर खाली शर्टावर काळं पान! शिरांसकट, कडेला किड्याने खाल्लेलं होतं तेही. वहिनी शर्टाला रडत होत्या. अण्णा तो शर्ट घेऊन माझ्याकडे आले आणि टेबलावर पसरून म्हणाले, "ही रेघ बघ. कुठे हललीय का सांग."

मी नीट पाहिलं. हललेली नव्हती.

"ही मी नाही मारली. पानाने मारली. मला फक्त पान ठेवायचंय आणि दाबून धरायचंय. दाबायला जमतं मला."

मग त्या माणसाने जे काही केलं ते फक्त ड्रॉइंग ऑफिसातला माणूसच करू शकतो. वही घातली. प्रत्येक प्रयोगाला नंबर. कापड कोणतं, पान कोणतं, वरची बाजू की खालची, किती वेळ वाफ, निकाल. निकालाच्या रकान्यात 'पास' किंवा 'नापास', तिसरं काही नाही. पहिली कित्येक पानं नुसती 'नापास' होती. मी त्यांना चिडवायचो, "अण्णा, या वर्गाला शिक्षक बदला." ते हसत नसत. पुढचा नंबर घालत.

हळूहळू रीत बसली. जुनं धोतर किंवा मांजरपाट खळ जाईस्तोवर उकळायचं. हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवायचं. हिरडे ते त्र्यंबकला जडीबुटी विकणाऱ्या बायकांकडून आणत, घासाघीस न करता. मग कापडावर पानं मांडायची, कापड एका पाइपवर घट्ट गुंडाळायचं, सुतळीने करकचून बांधायचं आणि दोन तास वाफेवर ठेवायचं. वाफेसाठी घरात मोदकपात्र होतं, तेच त्यांनी पळवलं. वहिनींनी निमूटपणे दुसरं आणलं. काळा रंग हवा असेल तर गंजके खिळे गुळाच्या पाण्यात आठ दिवस कुजवून ते पाणी लावायचं. त्याचा वास आल्यावर मला माझं अमोनियाचं यंत्र बरं वाटायला लागलं.

पानं आणायचे त्यांचे नियम होते. रोज पहाटे कापडी पिशवी घेऊन मखमलाबादच्या पाटाच्या कडेने जायचे. "झाडाने टाकलेलं, माणसाने छाटलेलं, बकरीने सोडलेलं," एवढंच घ्यायचं. स्वतः तोडायचं नाही. अण्णांचे वडील मखमलाबादला फुलांची शेती करायचे, झेंडू आणि गुलछडी. पहाटे फुलबाजारात माल जायचा आणि घरी अंगणात पाल्याचा ढीग उरायचा. "बापाने आयुष्यभर फूल विकलं आणि पाला फेकला," अण्णा म्हणायचे. "मी फेकलेलं उचलतोय. घराणं तेच."

मी कधी रविवारी त्यांच्याबरोबर जायचो, आणि दर वेळी ठरवायचो की पुन्हा जायचं नाही. कारण हा माणूस चालतच नसे. एका झुडपापुढे उभा राहिला की दहा मिनिटं उभा. बोलायचं नाही, बसायचं नाही. एकदा त्यांनी माझ्या हातात एक पान दिलं. "यात काय दिसतं ते तीन गोष्टीत सांग."

"हिरवं आहे," मी म्हटलं.

"ते म्हशीलाही कळतं. पुढे."

"मोठं आहे."

"तेही म्हशीला कळतं. तिला तर आधी कळतं."

मी चिडून पान डोळ्यांजवळ नेलं. खालच्या बाजूने शिरा उठून दिसत होत्या, वरून तेवढ्या नाही. मधली शीर देठापाशी जाड होती आणि टोकाकडे थोडी डावीकडे वळलेली होती. एका कडेला अळीने केलेली नागमोडी वाट होती आणि ती मधल्या शिरेला आडवी गेली नव्हती, वळसा घालून गेली होती. हे सगळं मी सांगितलं तेव्हा किती वेळ गेला होता कुणास ठाऊक. अण्णा म्हणाले, "आता सांग, एवढा वेळ तुझ्या डोक्यात घराचा हप्ता आला होता का?" नव्हता आला. त्यांनी मला बाकी काही उपदेश केला नाही, आणि त्यांच्या हातांकडे बघितलं तर बोटं दुसरं पान धरून शांत होती.

प्रत्येक छापलेल्या कापडाच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असायची, कारखान्याच्या नकाशावर असते तशीच. त्यात लिहिलेलं असे : ठिकाण, महिना, प्रमाण १:१. आणि त्याखाली, 'आरेखन : बदाम. तपासणी : भा. जेजुरकर.' आरेखनापुढे ज्या झाडाचं पान त्याचं नाव. हे अक्षर सुनीचं असायचं. अण्णा सांगत आणि ती लिही. त्यांनी स्वतः पेन हातात घेणं सोडूनच दिलं होतं, सहीसुद्धा बँकेत अंगठ्यावर आणली होती.

या सगळ्या व्यापात एका गणेश चतुर्थीला जे झालं ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वहिनींनी मोदक वळले, पात्र गॅसवर चढवलं. गडबडीत हाताला आलं ते अण्णांचं पात्र, आतली चाळणी खिळ्यांच्या पाण्याने गंजलेली. आणि मोदकांखाली अंथरायला दोरीवरचं जे स्वच्छ फडकं घेतलं ते हिरड्यात भिजवून वाळवलेलं. आरतीला आम्ही सगळे जमलो, झाकण उघडलं, आणि एकवीसच्या एकवीस मोदकांची बुडं काळीकुट्ट! वहिनींच्या डोळ्यांत पाणी. अण्णांची मोठी बहीण, मखमलाबादची अक्का, गावरान आणि तोंडाने तिखट, ती कपाळावर हात मारून म्हणाली, "देवाच्या पानात डांबर वाढलं का रं, भास्कर?" आणि अण्णा? अण्णा आनंदाने मोदक उलटा करून सगळ्यांना दाखवत होते. "बघा, बघा! हिरडा आणि लोखंड भेटले की काळं होणारच. चुकत नाही!" वहिनी आत निघून गेल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी उभ्याउभ्या तीन काळे मोदक खाल्ले. "हिरडा पोटाला चांगला, लोखंड रक्ताला," असं म्हणत खाल्ले, पण चेहरा काही वेगळंच सांगत होता. गणपतीला त्या वर्षी पेढे मिळाले.

दोन हजार सालानंतर अण्णा निवृत्त झाले. त्यानंतर वर्षभरात सुनीचं लग्न ठरलं. वैशाखात मुहूर्त. मुलगा सिन्नरचा, शांत, नाकीडोळी नीटस. बैठक उठली आणि पाहुणे गेले तसे अण्णा म्हणाले, "अंतरपाट मी करणार."

अक्का बोलली. "तुझ्या त्या काळ्या पाल्याचा? लग्नात काळं? लय झालं तुझं. दुकानातून आण चांगला जरीचा."

"काळा नाही. लाल करीन."

"आन् तुझा हात?"

"माझाच हात. सुनीच्या अंतरपाटाला दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही." त्यांचा उजवा हात मांडीवर एकसारखा हलत होता आणि तो त्यांनी लपवला नाही. "तिला शब्द दिलाय."

लाल रंग सागात असतो. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात रक्ताळल्यासारखा लाल होतो, हे नाशिककडच्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं. अण्णांनी पावसाळ्यात छाटणीच्या सागाची कोवळी पानं वर्तमानपत्रांत दाबून माळ्यावर ठेवलीच होती. या वेळी लोखंडाचा संबंध नको, तुरटीचं पाणी हवं. मध्यभागी स्वस्तिक हवंच. ते त्यांनी निलगिरीच्या आठ अरुंद पानांचं करायचं ठरवलं, चार मुख्य आणि चार वळणाची. निलगिरी नारिंगी उठते. "एकही रेघ मी मारणार नाही," ते म्हणाले. "पण काटकोन माझा असेल."

सुनी मामाकडे गेल्याचं निमित्त साधून आम्ही बसलो. आम्ही म्हणजे ते बसले, आणि मला समोर बसवलं. "तू हात लावायचा नाहीस. चुकलं की 'थांबा' म्हणायचं. एवढंच तुझं काम. आणि या वेळी तोंड उघडायचं."

निलगिरीचं एक पान ठेवायला कधी दहा मिनिटं लागत. ते पान जागेवर नेत, हात हले, पान सरके. पुन्हा उचलत. मी म्हणायचो, "थांबा, वरचं टोक डावीकडे गेलं." ते पुन्हा उचलत. एकदाही उसासा टाकला नाही. आठ पानांना सकाळ गेली, सागाला दुपार. माझी पाठ मोडली, त्यांची मोडली असेल तर दिसली नाही. शेवटी गुण्या लावून पाहिला. काटकोन होता. मग त्यांनी कापड गुंडाळलं, सुतळीने बांधलं आणि आचाऱ्याकडून आणलेल्या मोठ्या पातेल्यात वाफेला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सोडलं तर अंतरपाटाच्या अर्ध्या भागात पानं लाल, आणि मधूनमधून आडवे काळे-जांभळे पट्टे. स्वस्तिकाच्या बरोबर मधून एक पट्टा गेलेला.

मला काही कळेना. अण्णांना एका क्षणात कळलं. त्यांनी गुंडाळायला घेतला होता तो पाइप हातात धरला. नेहमीचा लोखंडी पाइप. सहा वर्षं ज्या पाइपवर कापड गुंडाळलं, हाताने तोच उचलला होता. या वेळेसाठी मुद्दाम आणलेला बांबू शेजारीच होता. मी समोर बसलो होतो, मलाही दिसलं नव्हतं.

"मी 'थांबा' म्हणायला हवं होतं," मी म्हटलं.

"हवं होतं," अण्णा म्हणाले. मला वाटलं होतं, ते 'जाऊ दे' म्हणतील. त्यांनी वही मागितली आणि मला लिहायला सांगितलं. "नापास. कारण : सवय."

अक्काने ते कापड पाहिलं आणि या वेळी ती ओरडली नाही. भावाशेजारी बसून हळूच म्हणाली, "राहू दे आता, भास्कर. पोरीला कळतं सगळं. ती काय तुला इचारणार नाय."

"म्हणून तर," अण्णा म्हणाले.

पंचवीस दिवस उरले होते आणि सागाची पानं संपली होती. चैत्रात साग पार उघडा असतो, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी आम्ही पेठ रस्त्याला जाऊन आलो. डोंगरभर खराटे. मग अण्णा म्हणाले, सुरगाण्याकडे पाणवठ्यापाशी कुठे तरी हिरवं असेल. तिकडच्या जीपमध्ये चौदा माणसं, त्यांत आम्ही दोघं, आणि माझ्या मांडीवर कुणाची तरी नागलीची गोणी. गुजरातची हद्द लागेपर्यंत गेलो. एका म्हाताऱ्या बाईला विचारलं, कोवळा साग कुठे मिळेल? ती आमच्याकडे बघून हसायलाच लागली. "आता? पावसात या," म्हणाली. परतीच्या जीपमध्ये मी म्हटलं, "अण्णा, दुसऱ्या कुठल्या पानाचं करू." ते म्हणाले, "तिला लाल सांगितलंय." खिडकीतून बाहेर बघत होते. कालच्यापेक्षा वेगळं काय ते शोधत असावेत.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते खोटं नाही. चार दिवसांनी पहाटे पाटावरून ते धावत, म्हणजे त्यांना जमेल तसं धावत, माझ्या दारात आले. पाटाला पाणी सुटलं होतं. कडेच्या एका शेताच्या बांधावरचा साग मालकाने चौकटींसाठी गेल्या वर्षी कापला होता. पाझराच्या ओलीने त्या खोडाला चैत्रात फुटवे आले होते, हातभर उंच, पानं कोवळी लुसलुशीत. मी म्हटलं, तोडून घेऊन यायचं ना! तर अण्णा माझ्याकडे असे बघायला लागले की मी चप्पल घातली आणि त्यांच्याबरोबर मालकाकडे गेलो.

मालक गोठ्यात होता. अण्णांनी हकिगत सांगितली. तो म्हणाला, "ते फुटवे व्हय? न्या की! मी उद्या कोयता लावणारच होतो त्यास्नी. बांधाला सावली पडती."

"मग आज लावा," अण्णा म्हणाले. "मी उचलतो."

त्याने छाटले, अण्णांनी खाली पडलेलं एकेक पान उचलून ओल्या फडक्यात गुंडाळलं. माणसाने छाटलेलं, नियमात बसत होतं.

दुसऱ्यांदा बसलो तेव्हा मी सुरुवातीलाच म्हणालो, "थांबा. पाइप कुठे आहे?" तो मी स्वतः नेऊन आमच्या घरी ठेवला तेव्हाच अण्णांनी पहिलं पान उचललं. पुन्हा एक सकाळ, पुन्हा एक दुपार. कापड सोडताना मी तिथे नव्हतो, कामावर होतो. संध्याकाळी विचारलं तर फक्त "पास" म्हणाले आणि दाखवलं नाही. कुणालाच दाखवलं नाही.

लग्न मखमलाबाद रस्त्यावरच्या कार्यालयात होतं. मुहूर्ताला गुरुजींनी अंतरपाट मागितला, तसे अण्णा स्वतः घडी घेऊन पुढे आले आणि एक बाजू धरून उभे राहिले. गुरुजी म्हणाले, "तुम्ही वधूपिता. दुसऱ्या कुणाला तरी धरू द्या."

"वधूपित्याने धरू नये असं कुठे लिहिलंय, दाखवा."

गुरुजींना मुहूर्त गाठायचा होता, ते काय दाखवणार! अण्णा माझ्याकडे वळले. "शिरसाठ, ये. ते टोक धर."

आम्ही कापड उघडलं. दोन्ही बाजूंनी सागाची लाल पानं, एक ना एक शीर उमटलेली, आणि मधोमध नारिंगी स्वस्तिक, काटकोनात. पलीकडे सुनीने मान वर केली, पाहिलं, आणि तिचे ओठ घट्ट मिटले गेले. मंगलाष्टकं सुरू झाली. अण्णांचे हात वर होते आणि कापत होते. ती थरथर कापडातून माझ्या बोटांपर्यंत येत होती. मी कापड ताणून धरायला लागलो, म्हणजे लोकांना दिसू नये. जुनी खोड.

"ढिलं सोड," अण्णा पलीकडून हळू आवाजात म्हणाले.

मी सोडलं. कापड हलायला लागलं आणि त्यावरची सगळी पानं हलायला लागली, पहाटे पाटावर हलतात तशी. अक्का मागून म्हणाली, "पाला जिता हाय गं!" सुनी रडता रडता हसली. माझ्या डोळ्यांना समोरचं नीट दिसेनासं झालं. मला त्या क्षणी तो माणूस सख्ख्या भावापेक्षा जवळचा वाटला, हे आता सांगायला काय हरकत आहे!

शेवटचं सावधान झालं, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, वाजंत्री लागली. सगळे नवरा-नवरीकडे धावले. आम्ही दोघं बाजूला कापडाची घडी घालत होतो, चादरीची घालतात तशी, एकमेकांकडे चालत. अण्णांच्या केसांत तांदूळ अडकले होते. टोकं जुळवताना उजव्या कोपऱ्यातली चौकट माझ्या हाताखाली आली. वैशाख. मखमलाबाद पाट. प्रमाण १:१. आरेखन : साग. आणि त्याखाली, तपासणी : शिरसाठ.

अक्षर सुनीचं नव्हतं. तिला तर कापड दाखवलंच नव्हतं. प्रत्येक रेघ वाकडीतिकडी, काना कुठे, मात्रा कुठे, माझ्या नावातला ठ तर ओळीबाहेर गेलेला. किती वेळ बसून लिहिलं असेल, देव जाणे.

अण्णा पुढं दोन-तीन वर्षं होते. मी भेटायला जायचो, पण शेवटी शेवटी ते अंथरुणातच असायचे, आणि ते अण्णा मला आठवत नाहीत. मला आठवतात ते त्या घडीपलीकडे उभे राहिलेले, माझ्या तोंडाकडे बघत.

मी म्हटलं, "अण्णा, रेघ हललीय."

"दिसली ना?" ते म्हणाले. "मग दे इकडे ते टोक."